नाव अस्लमचं, मार दिलीपचा

मला बॉक्सिंगमधलं काय कळतं म्हणाल, तर कोण जिंकलं हेबी मला शेजारच्याला इचारावं लागतं. माझं काम हातापुरतं. पोरगं उलट्या खुर्चीवर बसतं, खुर्चीच्या पाठीवर हात टेकवतं, आन मी पट्टी बांधते.

लोकांना वाटतं, एवढा गादीसारखा हातमोजा घालतात तर आत पट्टी कशाला? अहो, हातमोजा समोरच्याच्या तोंडासाठी असतो. हातासाठी पट्टी. हाताची हाडं म्हणजे काड्यांची पेटी. जोरात आपटली की काडी मोडते. म्हणून आधी मनगटाला येढे, मंग तळहातावरून, मंग बोटांच्या बेचक्यातून, अंगठा शेवटी. अंगठा लई नाटकी बोट. त्याला मोकळं सोडलं तर मोडतो, आवळलं तर रुसतो. नखं निळी दिसली म्हणजे पट्टी घट्ट झाली. मूठ वळल्यावर सरकली म्हणजे ढिली. एवढंच शास्त्र. बाकी सगळी सवय.

ही सवय मला हाडाच्या दवाखान्यात लागली. नवरा गेला तवा पोरी लहान. रडायला येळ नव्हता, कारण रडायला बसलं की पोरी बी बसायच्या. माझी जाऊ कमल शहरात एका दवाखान्यात आया व्हती. ती आजारी पडली अन् म्हणली, "तू जा माह्या जागी, नाय तर जागा जाईल." मी गेले. मुकादमाला म्हाइत व्हतं, बाकी कोणी इचारलं नाय. पलस्तरच्या खोलीत मी कमल झाले. "कमल, पाणी आण. कमल, पाय धर. कमल, पट्टी गुंडाळ." कमल काय पुन्हा उठली नाय आन मी काय पुन्हा माह्या नावावर आले नाय. ती वारली तवा म्या सुट्टी मागितली. सिस्टर म्हणली, "कोण वारलं गं?"

म्या म्हणलं, "कमल."

त्या बाईनं माह्या कपाळाला हात लावला. मंग म्हणली, "जा, आराम कर, तुला ताप दिसतोय."

हसू नका. मी बी तवा हसले नव्हते.

गुडघे गेले तवा दवाखाना सुटला. पण बॉक्सिंगचे एक सर व्हते, ते मोडलेल्या हाताची पोरं घेऊन कायम पलस्तरला यायचे. त्यांनी माझी पट्टी बघितलेली. म्हणले, "मावशी, हात मोडल्यावर बांधता, तर मोडायच्या आधी बांधाल का?" म्या म्हणलं, बसून करायचं काम हाय ना, मंग बांधते.

तवापासून मी पट्टीवाली मावशी. आधी पोरं मेडलसाठी लढायची. मंग पैशाच्या लढती निघाल्या. आपल्या संभाजीनगरात ते नवंच व्हतं. लढती भरवणारे शेठ मूळचे मंडपवाले. खुर्च्या त्यांच्या, लाईट त्यांची, साऊंड त्यांचा, जालना रोडला चिकलठाण्याच्या अलीकडचं मंगल कार्यालय बी त्यांच्याच ओळखीचं. लग्नाची तारीख नसली की तिथं बॉक्सिंग. जिथं नवरा-नवरी बसतात तिथं दोऱ्या बांधायच्या. माघं थर्माकोलचे मोर तसेच.

शेठचा एक कायदा व्हता. लढतीचा फ्लेक्स एकदा छापला की नाव बदलायचं नाय. खांबाखांबाला लागलेला फ्लेक्स कोण उतरवणार? पोरगं आजारी पडू दे, पळून जाऊ दे, पण फ्लेक्सवरचं नाव लढलंच पाहिजे. मंग ज्याचं वजन जुळेल त्याला त्या नावानं उभं करायचे. म्हणायचे, "फ्लेक्स जिता राहिला पाहिजे, मावशी."

एकदा 'दिल्लीचा शेर' म्हणून एक जण छापला. दिल्लीवाला काय आलाच नाय. शेठनी चिकलठाण्याचं एक पोरगं उभं केलं, त्याला बजावलं की तोंड उघडायचं नाय, इचारलं तर हिंदीत हूं हूं करायचं. पोरानं लई इमानदारी केली. पण पोटात ठोसा बसला अन् ते ओरडलं, "आगं आयव!" सगळं कार्यालय हसायला लागलं. समोरचा बॉक्सर बी हसला, अन् त्या हसण्यात दिल्लीच्या शेरानं त्याला पाडला.

असं सगळं चालायचं. कोणाचं काही बिघडत नव्हतं. दिलीपचं मात्र बिघडलं.

दिलीप चितेगावचा. आपल्यातलाच, जयभीमवाला. कंपनीत ठेक्यावर कामाला, आन घरी एकटी आई. उंच, पातळ, हात लांब. आन अस्लम इथला, शहरातला, त्याच्या बापाची बेकरी. दोघं एकाच सरांकडं शिकायचे. दोघांची उंची एक, वजन एक, आन खाण्यावरून भांडण बी एक. अस्लम देखणा व्हता, म्हणून शेठनी त्याचा काळा चष्मा लावलेला मोठा फ्लेक्स छापला. आन लढतीच्या आधी बेकरीच्या शटरमधी अस्लमचा अंगठा सापडला. म्या बघितला. म्हणलं, "बाबा, ह्या अंगठ्यानं तू आता फक्त खारी मोजायची."

शेठनी दिलीपच्या खांद्यावर हात ठेवला. "आजच्या दिवस तू अस्लम."

दिलीप म्हणला, "आजच्या दिवस?"

"अरे, आजच्याच दिवस."

दिलीप जिंकला. माईकवाला ओरडला, "अस्लम! अस्लम!" लोकं नाचले. आन तो आजचा दिवस काही संपेच ना. शेठनी दुसऱ्या फ्लेक्सवर बी तोच चष्मा छापला. दिलीपला तशीच दाढी ठेवायला लावली, लांबून दोघं सारखेच दिसायचे. आत येताना अस्लमसारखा सलाम करायचा, हे बी शिकवलं. एकदा एक म्हातारे मिया त्याचा हात धरून म्हणले, "अस्सलामु अलैकुम, बेटा." दिलीप सवयीनं म्हणला, "जय भीम, चाचा," आन जीभ चावली. म्हाताऱ्यानं बघितलं, हसला. "हौ, वो बी चलता. मार बराबर."

आमच्यात एक रिवाज हाय, तो सांगायचा राहिला. लढत झाली की पट्टी मीच कापते, कात्रीनं, तळहाताच्या अंगानं. जिंकणाऱ्यानं आपली पट्टी घरी न्यायची, हारणाऱ्याची बालटीत जायची. कोणी ठरवलं म्हाइत नाय, पण मोडत कोणी नाय. आता दिलीपच्या पट्टीचं काय करायचं? हात दिलीपचा, पण जिंकला अस्लम. मंग पट्टी अस्लम न्यायचा अन् बेकरीत काउंटरच्या वर टांगायचा. पाव घ्यायला आलेले लोक म्हणायचे, "क्या मारा भाई!" अस्लम मान खाली घालून पाव बांधायचा. लोकांना वाटायचं, केवढा नम्र पोरगा.

दिलीप एकदा आपल्या आईला घेऊन आला. बाई साधी, डोळ्याला कमी दिसणारी. माघच्या रांगेत बसली, पिशवीत पोरासाठी भाकरी. दिलीप लढला, जिंकला, माईकवाल्यानं बोंब ठोकली. शेठची माणसं खुर्च्या उचलायला लागली तरी ही बाई बसलेलीच. मी जवळ गेले.

"काय ओ बाई, घरी नाय जायचं?"

"माह्या दिलीपचं राहिलं नं अजून. त्याचं नाव पुकारलं की जाते."

म्या म्हणलं, "त्याचं झालं. जिंकला तो."

"मंग नाव कामून घेतलं नाय?"

दिलीप बाजूलाच व्हता. भाकरीची पिशवी घेतली अन् म्हणला, "चल आई. माईक खराब झालता."

दुसऱ्या दिवशी तो शेठकडं गेला. मी तिथंच कापसाचे बोळे करत बसले व्हते. म्हणला, "शेठ, पुढच्या टायमाला माझं नाव घ्या. पैसे कमी द्या पायजे तर. एकदा आईनं ऐकलं पायजे."

शेठ म्हणले, "येडा का खुळा? चालू दुकानाची पाटी कोणी बदलतं का? दिलीपला वळखतं कोण?"

"कोणी वळखू द्याल तर ना!"

"लढायचं तर अस्लम म्हणून. नाय तर चितेगावची बस हाय."

दिलीप माझ्याकडं आला, हात पुढं केला. पट्टी बांधायची नव्हती काही. तरी केला. मी तो हात घेऊन बोटं चोळत बसले. म्हणलं, "उसनं पातेलं परत करता येतं रे. पण उसन्या नावात एकदा आपण शिजलो की लई अवघड. मी कमल झाले ती कमलच राहिले."

"मंग मी काय करू?"

"मला काय म्हाइत? मला करता आलं असतं तर तुला सांगितलं असतं."

आता अस्लमची गंमत ऐका. त्याला पाचोडहून स्थळ आलं. पोरीनं फ्लेक्स बघितलेला, मोबाईलवर लढत बी बघितलेली, तिनं घरी सांगितलं की बॉक्सर असेल तर हो. आन तिचा बाप, बकऱ्यांचा व्यापारी, म्हणला की बॉक्सर असेल तर नाय. "डोक्यावर मार खाल्लेला जवाई मेरेकू नक्को. आज चांगला दिसतो, उद्या मेरी पोरी कू पहचानेगा नै." आता अस्लमनं खरं सांगावं तर पोरगी जाती, खोटं सांगावं तर बाप जातो. पोरगं पाक पातळ झालं. म्या म्हणलं, "तुझ्या बेकरीतली खारी बरी दिसती तुझ्यापेक्षा."

त्यात एक लढत अशी झाली की दिलीप जिंकला, पण त्याचा डावा डोळा बटाट्यासारखा सुजला. दोन फेऱ्यांच्या मधी एक मिनिट भेटतं, तेवढ्यात मी बर्फातली स्टीलची वाटी दाबली डोळ्यावर. दाबायची असती, चोळायची नाय, चोळलं की आणखी फुगतं. भुवईवर व्हॅसलीन थापलं, म्हणजे ठोसा घसरतो. दिलीप फक्त एवढंच म्हणला, "मावशी, उद्या कंपनीत काय सांगू?" म्या म्हणलं, "सांग, दारावर आपटलो. सगळ्या बायका हेच सांगतात."

त्या लढतीचा व्हिडिओ पाचोडला पोचला. आन तिसऱ्या दिवशी ते बकरीवाले चाचा बेकरीत हजर. अस्लमची हनुवटी धरली, तोंड इकडं फिरवलं, तिकडं फिरवलं. डोळा चकचकीत. चाचा म्हणले, "आँख की सूजन इतने में उतर गई? मेरे तो बकरे की बी नै उतरती." अस्लम म्हणला, "वो... मावशी की वाटी का असर है." मला मधी घातलं गाढवानं! चाचांनी हनुवटी सोडली. म्हणले, "अगली लढत कब है? मैं आता. नजर से देखता, फिर बोलता."

आला तो रविवार. कार्यालय भरलं. चाचा पहिल्या रांगेत, पांढरा शर्ट, मांडीवर टोपी. मी दिलीपचे हात बांधत व्हते. अस्लम आमच्याच कोपऱ्यात बालटी धरायला. म्या म्हणलं, "अरे, तुझा सासरा समोर बसलाय, तू कुठं तरी लप."

"मावशी, बालटी किसकू देऊ? सर बोले, पाणी तूच सांभाळ."

म्या टॉवेल त्याच्या डोक्यावर टाकला. दिलीपच्या नखांकडं बघितलं, गुलाबी. म्हणलं, "मूठ वळ." वळली. "जमलं?"

"जमलं." मंग हळूच म्हणला, "आज मार खाऊन हारलो तर अस्लमचं लग्न मोडतं. जिंकलो तर अस्लम जिंकतो. माझं काय व्हतं, मावशी?"

म्या त्याच्या हातात हातमोजा चढवला.

लाईटी गेल्या, धूर सोडला, थर्माकोलचे मोर जांभळे झाले. दिलीप दोऱ्यांच्या आत गेला. माईकवाला लांबवून ओरडला, "लाल कोपऱ्यात, आपल्या शहराची शान... अस्लम!"

आन अस्लम, डोक्यावर टॉवेल, हातात बालटी, झटकन उभा राहिला अन् म्हणला, "जी!"

काय करणार? जन्मापासूनची सवय. आपलं नाव घेतलं की माणूस उठतोच. टॉवेल खाली पडला. बालटीतलं पाणी माझ्या लुगड्यावर.

पहिल्या रांगेतून चाचा उठले. बोट केलं. "ओ भाई माईकवाले! अंदर जो खडा है, वो अस्लम नै. अस्लम तो ये बालटीवाला है. मेरा होनेवाला जवाई है, मैं नै पहचानूंगा क्या?"

शेठ धावत आले, तोंडाला फेस. माईकवाल्याला म्हणले, "गाणं लाव, गाणं लाव!" पण लोकं ओरडायला लागले, "मंग हा कोण? हा कोण?" पंचानं हात वर केला. दिलीप मधोमध उभा, लाईट अंगावर, हातात हातमोजे. तो काही शेठकडं बघत नव्हता, पंचाकडं बघत नव्हता. माझ्याकडं बघत व्हता.

मला काय सांगता येतं? मी आपली वलं लुगडं पिळत व्हते. पण म्या मान हलवली. एवढंच केलं. म्हणलं मनात, बोल रे बाबा, एकानं तरी बोला.

पंचानं माईक त्याच्या तोंडापुढं धरला. "नाव काय तुझं?"

दिलीपचा आवाज मंग निघाला तो असा, की माघच्या भटारखान्यापर्यंत गेला असंल.

"दिलीप यशवंत खरात. चितेगाव."

शेठ म्हणले, "लढत रद्द! रद्द!" तवा समोरचा बॉक्सर, तो नगरकडचा पोरगा, वैतागून म्हणला, "ओ शेठ, कोणी का असंना, लवकर ठरवा. माझं अंग गार पडायलंय." कडेला बसलेले लढतीचे डॉक्टर म्हणले, सकाळी तपासलं ते ह्यालाच, वजन केलं ते बी ह्याचंच. पंच म्हणले, मंग नावच तेवढं चुकलंय, ते दुरुस्त करा. माईकवाल्यानं घसा साफ केला अन् पुन्हा ओरडला. आता शहराची शान वगैरे काही नाय. नुसतं, "लाल कोपऱ्यात... दिलीप खरात, चितेगाव!"

टाळ्या कमी वाजल्या. खोटं कशाला सांगू? दिलीपला वळखत कोण व्हतं?

आन पहिल्या रांगेत चाचा आरामात मांडी घालून बसले. बाजूच्याला म्हणले, "मेरा जवाई बालटी उठाता है. मार नै खाता. अल्लाह का लाख लाख शुकर!"

लढत झाली. पोरगा जीव तोडून लढला. भुवई फुटली, ती म्या दाबली. नाकातून आलं, तिथं बोळा घातला. अस्लम पाणी पाजायचा अन् कानात ओरडायचा, "मार दिलीप! मार दिलीप!" त्याच्या तोंडून बी ते नाव तिथं पहिल्यांदाच निघालेलं. शेवटची घंटा झाली. पंचानं हात वर केला, तो नगरच्या पोराचा.

दिलीप हारला.

मला लई वाईट वाटलं. एवढे दिवस दुसऱ्याच्या नावावर जिंकला, आन आपल्या नावावर पहिलाच हिशेब उलटा. आतल्या खोलीत उलट्या खुर्चीवर येऊन बसला. वोठ फुटलेला, डोळा अर्धा मिटलेला. म्या कात्री घेतली. रिवाजाप्रमाणं बालटी पायानं जवळ ओढली.

"मावशी, बालटी नको."

"अरे, हारलेली पट्टी कोणी घरी नेतं का?"

"नेतो मी. आईला दाखवायची. ही माझी हाय."

मंग म्या कात्री अशी चालवली की पट्टी तुटू नाय, अखंड निघावी. त्याच्या तळहाताचा आकार तसाच राहिला. त्यानं ती भाकरीच्या पिशवीत ठेवली.

अस्लम दारात उभा, फोन कानाला. पाचोडची पोरगी व्हती. हा घाबरून नुसता "हां, हां" करत व्हता. फोन ठेवल्यावर आम्ही इचारलं, काय म्हणली? म्हणला, "बोली, झूठे हो. फिर बोली, बालटी बराबर पकडी थी." लग्न झालं ते पुढं. दिलीपनं पंगतीत वाढलं, आन पाहुण्यांनी त्यालाच नवरदेव समजून पाकीट दिलं, ते वेगळं.

पण त्या दिवशीचं सांगते. दिलीप चपला घालत व्हता. एकदम थांबला अन् म्हणला, "मावशी, तुझं नाव काय गं? एवढ्या वर्षांत कधी इचारलंच नाय."

मला बी आठवायला लागलं जरा. कोण इचारतं? दवाखान्यात कमल, इथं मावशी, पोरींची आई.

म्या म्हणलं, "कडूबाई."

"आं?"

"कडूबाई. माझ्या आधीचे भाऊ जगले नव्हते. मी तरी राहावं, कोणाची नजर लागू नाय, म्हणून कडू ठेवलं."

दिलीप फुटक्या वोठानं हसला. हसताना दुखलं त्याला, पण हसला. म्हणला, "मावशे, असलं नाव कोणी उसनं बी मागणार नाय!"

म्या म्हणलं, "व्हय रे. म्हणून तर माह्यापाशी टिकलं."